उखळबाईला बोलावणं

"ऊठ गो उखलबाय, आंग धुवून ये,
हलदीचे मांडवान मान तुझा घे.
मुसलदादाला हाताशी धर,
तुमचेबगर सुना आमचा घर."

हा आवाज विनिताने पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि काकाच्या लग्नाच्या मांडवात आईच्या मांडीवर पेंगत होती. धोंडूआत्या गात होती. आत्याचा आवाज काही कोकिळेचा नव्हता. खाडीवरचा वारा पेंढ्याच्या उडवीत शिरावा तसा तो जरा खरखरत यायचा, पण ज्याला हाक मारली त्याच्यापर्यंत नेमका पोचायचा. पोरीची झोप उडाली. ही उखळबाई कुठली पाहुणी, म्हणून ती दाराकडे बघत बसली. कोणी येईना. मग पाच बायका उठल्या, अंगणात गेल्या आणि दगडी उखळ हातांवर तोलत आत घेऊन आल्या. विनिताला त्यात काही नवल वाटलं नाही. म्हातारी असेल, चालवत नसेल, एवढंच तिच्या मनात आलं.

आगरी घरातलं लग्न आधी धवलारणीच्या तोंडून लागतं, भटजींचा नंबर नंतर. धवलारीण मांडवात बसते, दिव्याला हळद वाहते आणि धवले गात एकेकाला बोलावते. देवांना बोलावते, गेलेल्या वाडवडिलांना बोलावते, आणि मग घरात ज्यांनी ज्यांनी हाडं झिजवली त्या सगळ्यांना, म्हणजे जात्याला, सुपाला, उखळाला, मुसळाला. प्रत्येकाचं नाव घ्यायचं, प्रत्येकाचं घर सांगायचं. दापोड्यात आणि आसपासच्या चार गावांत तीस वर्षं हे काम धोंडूआत्याने केलं. नवरा गेल्यावर ती भावाकडे, म्हणजे विनिताच्या वडिलांकडे राहायला आली, ती इथलीच झाली.

गाव तेव्हाचं राहिलं नाही. जिथे भात लवायचं तिथे आता गोदामांची निळी पत्र्याची छपरं. विनिताच्या वडिलांच्या, दौलतशेठच्या घराला वरचा मजला चढला, दारात तिच्या भावाचे, भाविकचे दोन टेम्पो उभे राहिले. उखळ मात्र अंगणात जागच्या जागी होतं. वर्षभर त्याच्याकडे कोणी बघायचं नाही. मांजर त्यात साठलेलं पाणी प्यायचं. लग्न निघालं की त्याचे दिवस फिरायचे.

आता लग्न निघालं होतं भाविकचं. शुक्रवारी हळद. आणि आत्याचा आवाज गेला होता.

जानेवारीत गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज परत आला नाही. उरली ती कुजबूज. आत्या त्या कुजबुजीतही भांडायची, हिशेबाने शिव्या द्यायची, पण धवला कुजबुजत गाता येत नाही. मांडवातल्या शंभर माणसांवरून तो उखळापर्यंत जायला हवा.

सोमवारी संध्याकाळी चहाच्या वेळी भाविक हातात काळा स्पीकर घेऊन आला.

"आत्या, टेन्शन संपलं. ऐक. पेण साइडच्या बाई आहेत, एकदम क्लिअर रेकॉर्डिंग."

त्याने बटण दाबलं. ओसरीवर एक भरदार आवाज पसरला. आत्याने डोळे मिटून सगळा धवला शेवटपर्यंत ऐकला. मग तिने भाविकला जवळ बोलावलं. तिचं बोलणं ऐकायला आता सगळ्यांनाच वाकावं लागायचं.

"बाई बेस गाते," ती कुजबुजली. "पन ती कोनचे उखलीला बोलावते?"

"कोणाच्या म्हणजे? जनरल आहे ते."

"जनरल उखल कंपनीन भेटते का?"

दौलतशेठ चहाच्या कपात हसले.

"हसू नको, दौल्या. ती बाई पेनचे उखलीला हाक मारते. आपली उखल कशी उठल? तिचा नाव नको? घराचा नाव नको? भाविकचा नाव त्या डब्यान हाय का?"

"अगं, ऐकणार कोण आहे?" भाविक म्हणाला. "लोकांचं लक्ष जेवणाकडे आणि डीजेकडे."

"लोकांसाठी कोन गातो?" आत्या म्हणाली.

दौलतशेठनी कप खाली ठेवला. "अक्का, मी काय बसून ऱ्हायलोय का? खारबावची धवलारीन बुक, अंजूरची बुक. एके तिथीला सतरा लग्ना लागल्यान. आनू कुठून?"

 आत्याने मान वळवली आणि दारात उभ्या असलेल्या विनिताकडे पाहिलं.

"विनू, तुला येकादा तरी आठवतो का गो? पोरपनी माझे मांडीला मांडी लावून बसायचीस."

"नाही गं आत्या. विसरले."

महिन्याभरात हे पाचव्यांदा झालं होतं. आत्याने पाच वेळा विचारलं, विनिताने पाच वेळा तेच सांगितलं, आणि पाचही वेळा ते खोटं होतं.

तिला सगळे धवले येत होते. एकूण एक्केचाळीस. आत्या कुठे श्वास घ्यायची, कुठल्या ओळीला उजवा हात गुडघ्यावर आपटायची, हळदीच्या धवल्यात कुठे मुद्दाम थांबून बायकांना रडू द्यायची, हे सुद्धा. स्कूटीवरून येता-जाता, समोर कंटेनर आडवा लागला की हेल्मेटच्या आत ती एक-दोन धवले संपवायची. बाहेर मात्र सूर जाऊ द्यायची नाही.

त्याला कारण होतं, आणि ते सातवीच्या वर्गात घडलेलं होतं. इंग्रजीच्या सरांनी निबंध दिला होता, लग्नातले पाहुणे. विनिताने लिहिलं की आमच्या लग्नात पहिली पाहुणी उखळ असते, तिला चालता येत नाही म्हणून पाच बायका तिला घेऊन येतात. सरांनी वही उचलली आणि वर्गाला वाचून दाखवली. वर्ग बाकांवर लोळला. सर वाईट नव्हते, पण हसू त्यांनाही आवरलं नाही. समासात त्यांनी लाल शाईने एक शब्द लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. इनॅनिमेट. घरी येऊन तिने डिक्शनरी उघडली. जीव नसलेला, निर्जीव. वस्तूंसाठी वापरतात.

एवढंच असतं तर ती कधीच विसरली असती. पण पोरं हसत असताना विनिता उभी होती, आणि उभी राहून ती एक वाक्य बोलली होती. ते वाक्य तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. ते ज्या तोंडाने बोलली त्या तोंडाने धवला कसा म्हणायचा, हे तिला वीस वर्षांत सुचलं नव्हतं.

बाकी तिला सगळं सुचायचं. बी.ए. झाली, बी.एड. झाली, क्लासमध्ये पाचवी ते आठवीच्या पोरांना असं इंग्रजी शिकवू लागली की आयाबाया रिक्षाने पोरं आणून सोडायच्या. आता शेजारच्या वळ गावातल्या इंग्रजी शाळेत कायमची जागा निघाली होती. बुधवारी डेमो लेसन होता. शाळेने तीन विशेषणं कळवली होती, त्यातलं एक निवडून अर्थ आणि वापर शिकवायचा. फ्रॅजाइल, एन्शन्ट आणि इनॅनिमेट. पहिलं सोपं होतं, इथल्या पोरांनी गोदामाच्या खोक्यांवर ते रोज वाचलेलं. विनिताने तिसऱ्यावर बोट ठेवलं. हाच, ती स्वतःला म्हणाली. बघू याला.

मंगळवारी दुपारी ती ओसरीवर पुठ्ठ्याची कार्डं कापत बसली. दगड, बूट, घड्याळ, बादली. आत्या शेजारी लसूण सोलत होती.

"कोनचा शबुद शिकवतेस?"

"इनॅनिमेट."

"म्हंजे?"

"ज्यात जीव नाही ते. वस्तू."

"त्याला येगला शबुद कशाला? दगड बोलला म्हंजे झाला."

"दगड एकच झाला. बूट, बादली, सगळ्यांना मिळून एक शब्द."

आत्याने पाकळीचं साल फुंकलं. "मानसाला लागतो?"

"नाही. फक्त वस्तूंना."

"मेलेल्याला?"

विनिताची कात्री थांबली. "नाही. मेलेला आधी जिवंत होता ना. ज्यात जीव कधीच नव्हता त्याला इनॅनिमेट म्हणायचं."

आत्या विचारात पडली आणि मग तिचा चेहरा खुलला. "बेस हाय शबुद. मेलेल्याचा मान ऱ्हाखतो." आणि थोड्या वेळाने, लसणाकडेच बघत, "माझे गल्याला लागल का?"

"काहीतरीच. गळा जिवंत आहे तुझा."

"मंग घरातला जिवंत गला गप का बसतो?"

ती आपल्याच गळ्याविषयी बोलली असेल, किंवा नसेलही. विनिताने मान वर केली नाही. कात्री पुन्हा चालू झाली आणि घड्याळाचं कार्ड वाकडं कापलं गेलं.

बुधवारी सकाळी साडेनऊला पाचवी ब चा वर्ग भरला. बत्तीस पोरं. मागच्या बाकावर मुख्याध्यापिका बाई वही-पेन घेऊन, आणि त्यांच्या शेजारी शाळेचे ट्रस्टी हिरामणशेठ, वळचेच जुने जमीनदार, सोनेरी चेन, पोटावर हात. त्यांना इंग्रजीत गम्य नव्हतं आणि ते लपवायची हौसही नव्हती. पहिल्या पाच मिनिटांत त्यांचे डोळे मिटले.

विनिताचा हात बसलेला होता. तिने फळ्यावर शब्द लिहिला, म्हणून दाखवला, म्हणवून घेतला. कार्डं दाखवली. बादली? इनॅनिमेट. बूट? इनॅनिमेट. मांजर? नो. झाड? इथे वर्ग फुटला.

"झाड चालत नाही, मिस," मितेश म्हणाला.

"चालत नाही, पण वाढतं. पाणी पितं. तोडलं तर मरतं. झाडाला आपण निर्जीव म्हणत नाही."

"मेलेला कावळा?" रीमाने विचारलं. ती असले प्रश्न विचारणार हे तिच्या वेण्यांवरूनच कळत होतं.

"तो मेलेला. इनॅनिमेट नव्हे. हा शब्द मेलेल्याचा मान राखतो." हे बोलताना विनिताला लसणाचा वास आला.

"फोर्कलिफ्ट?" दीपेश म्हणाला. त्याचे वडील गोदामात तेच यंत्र चालवायचे. "ती तर वळते, उचलते, ओरडते पण."

"पप्पा उतरले की?"

"गप."

"झालं तर मग."

सगळं ठीक चाललं होतं. बाईंचं पेन दोनदा चाललं. तेवढ्यात खिडकीजवळची शगुफ्ता उभी राहिली. बारीक अंगाची, स्कार्फ नीट बांधलेली, वडील यंत्रमागावर कामाला.

"मिस, लूम?"

"तूच सांग."

"लूम में जान नहीं होती, मालूम है," ती म्हणाली. "लेकिन अब्बा सुबह ड्युटी पे जाके पहले उसको सलाम करते हैं. धागा बार-बार टूटा तो बोलते हैं, आज रूठा है मेरा बेटा. तो अब्बा गलत बोलते हैं क्या?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग आणखी दोघं. हसू बाकांवरून सरकत पुढे यायला लागलं. शगुफ्ताने आधी एकदा मागे पाहिलं. मग तिच्याही ओठांच्या कडा हलल्या. ती हसणार होती. हसून म्हणणार होती, पागल हैं मेरे अब्बा, किंवा तसंच काही. विनिताला ते वाक्य तिच्या गळ्यापर्यंत आलेलं दिसलं, कारण ते कुठून कसं वर येतं हे या वर्गात फक्त तिला माहीत होतं.

"थांब," विनिता म्हणाली. "बसू नको. आणि हसू नको. अब्बा अजिबात चुकत नाहीत."

हसू मधल्या बाकांवरच थांबलं. बाईंनी मान वर केली. लेसन प्लॅनमध्ये पुढे रिकाम्या जागा भरा होतं. विनिताने हातातली कार्डं टेबलावर पालथी ठेवली.

"हा शब्द वस्तू कशी आहे ते सांगतो. तिच्यात जीव नाही. बस, एवढंच. तिच्याशी बोलायचं नाही, असं हा शब्द कुठेही सांगत नाही. आमच्या घरी लग्नात उखळाला बोलावणं जातं. माहितीये उखळ? मॉर्टर? ज्यात भात कांडतात."

"पत्थर का?" शगुफ्ताने विचारलं.

"दगडाचं. त्याला नाव घेऊन बोलावतात. असं."

आणि तिने सूर लावला.

आधी वाटलं होतं दोनच ओळी म्हणाव्यात, उदाहरणापुरत्या. पण वीस वर्षं बंद ठेवलेला सूर दोन ओळींत थांबेना. ऊठ गो उखलबाय, आंग धुवून ये. आवाज बाहेर पडला तेव्हा तिलाच ओळखू आला नाही. तो गोड नव्हता, जरा खरखरीत होता, आणि मागच्या भिंतीपर्यंत नेमका पोचत होता. उजवा हात आपोआप टेबलावर आपटला. हलदीचे मांडवान मान तुझा घे. चार ओळी संपल्या, तशी धवलारणीची जी खरी कसोटी असते, समोर जे आहे त्याचं नाव ओवायचं, तीही तिने विचार न करता पार केली.

"ये रे लूमदादा, धाग्याला धर,
शगूचे अब्बाचा सलाम वर.
खटखट तुझी बाजूला ठेव,
हलदीचे ताटान पहिला जेव."

हिरामणशेठ टक्क जागे होते.

दीपेशने विचारलं, "मिस, फोर्कलिफ्टचं पण आहे?" आणि सगळा वर्ग हसला. हे हसू दुसऱ्या जातीचं होतं. शगुफ्ताही हसली, आणि हसून झाल्यावर तिने आपला प्रश्न सोडला नाही.

"तो इनॅनिमेट को दावत दे सकते हैं?"

"दे सकते हैं. फक्त एक काम वाढतं. तो आपल्या पायांनी येणार नाही. आपण जाऊन उचलून आणायचा." विनिताने खडू उचलला. "आता प्रत्येकाने वहीत एक वाक्य लिहा. घरातली एक वस्तू, आणि हा शब्द."

बाई स्वतः उठल्या आणि बाकांमधून फिरू लागल्या. विनिताला त्यांचा चेहरा वाचता येईना. शगुफ्ताच्या बाकाशी त्या थांबल्या, वही उचलली आणि मोठ्याने वाचलं, "द मॉर्टर इज इनॅनिमेट, सो वी कॅरी इट."

कोणी हसलं नाही. बाईंनी वही परत ठेवली. "वाक्य बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "स्पेलिंगसुद्धा."

लेसन संपल्यावर ऑफिसात त्यांनी चष्मा काढला. "गाणं प्लॅनमध्ये नव्हतं."

"नव्हतं, मॅडम."

"रिकाम्या जागा राहिल्या."

"राहिल्या. पण शब्द बत्तीसच्या बत्तीस जणांना आला. उद्या तुम्ही स्वतः विचारून बघा."

बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. "उद्या कशाला? पंधरा जूनला तुम्हीच विचारा. आठला गेट बंद होतं, तेवढं लक्षात ठेवा."

विनिता पार्किंगमध्ये आली तर हिरामणशेठ तिच्या स्कूटीच्या सीटला टेकून उभे.

"हा सूर दापोड्याचा हाय," ते म्हणाले. "माझे पोराचे लग्नान आयकलाय. तू धोंडूबायची कोन?"

"भाची. दौलतशेठची मुलगी."

"आयला. आनि आखे पट्टीन बोंब हाय का धोंडूबायचे मागं कोन न्हाय." त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "थांब, दौलतला लावतो. मे महिन्यात माझे नातीचा लगीन हाय, आत्ताच सांगून ठेवतो."

"काका, फोन नका करू."

"का गो?"

"नातीच्या लग्नाला मी येते. शब्द दिला. पण आज घरी फोन नका करू. हे मी अजून घरात सांगितलेलं नाही. माझ्या तोंडून जाऊ दे."

हिरामणशेठनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, फोन खिशात टाकला आणि सीटवरून उठले. "येक वाजेपर्यंत दम धरतो. नंतर माझे पोटान ऱ्हानार न्हाय."

वळ ते दापोडे तसं दहा मिनिटांचं अंतर. त्या दिवशी पाऊण तास लागला. चाळीस फुटी ट्रेलर गोदामाच्या फाटकात मागे घ्यायचा होता, क्लीनर आने दो, आने दो करत होता, आणि दोन्ही बाजूंनी टेम्पो तुंबलेले. एरवी अशा वेळी विनिता हेल्मेटच्या आत गायची. आज ती गप्प बसली. साडेबाराला तिने फाटकातून गाडी आत घातली.

अंगणात मांडवाच्या मेढी रोवून झाल्या होत्या. भाविक खांबाला स्पीकर बांधत होता. "झाला डेमो?" त्याने वरूनच विचारलं. तिने अंगठा दाखवला. दौलतशेठ कोणाशी तरी फोनवर ताडपत्रीच्या भावावरून हुज्जत घालत होते, म्हणजे हिरामणशेठनी शब्द पाळला होता.

आत्या उखळाशी बसली होती. शेजारी पाण्याची बादली, हातात नारळाची शेंडी. वर्षाचं शेवाळ ती घासून काढत होती, कानामागून, मानेमागून, लहान पोराला अंघोळ घालावी तशी. आजवर हे काम करताना ती गायची. आज नुसता शेंडीचा आवाज येत होता.

विनिताने चपला काढल्या, साडीचा पदर खोचला आणि समोर बसली. दुसरी शेंडी घेतली.

"भेटली नोकरी?" आत्या कुजबुजली.

"भेटली. जूनपासून."

"बेस झाला." थोडा वेळ दोघी घासत राहिल्या. मग आत्या म्हणाली, "आता मी तुला विचारनार न्हाय हां. पाच येला विचारून मानूस बी कंटालतो. त्यो डबा वाजवू दे भाविकला. मी उखलीचे कानान सांगीन हलूच, का बाय, येवढे येली समजून घे."

विनिताचा हात उखळाच्या काठावर थांबला. दगड गार होता, घासलेल्या जागी काळाभोर निघाला होता.

"आत्या, तू विचारू नको. मीच सांगते. आधी एक वाईट सांगते, मग दुसरं."

आत्याने शेंडी खाली ठेवली.

"सातवीत असताना मी वर्गात आपल्या उखळीबद्दल लिहिलं होतं. सगळे हसले. तेव्हा मी पण हसले. आणि उभी राहून म्हणाले, माझी आत्या वेडी आहे, ती दगडांशी बोलते. सगळ्या वर्गासमोर म्हणाले. तुझ्याच हातची पोळी डब्यात होती माझ्या."

भाविक खांबावर थबकला होता. त्याला ऐकू जात होतं की नाही, कोण जाणे.  आत्याचे खांदे हलायला लागले, आणि विनिताला वाटलं, रडते. वाकून बघितलं तर आत्या हसत होती, आवाजाविना, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"येवढाच?" ती कुजबुजली. "अगो, दगडाशी तर मी बोलतेच. तुझा आजा बी हेच बोलायचा, रोज." तिने ओल्या हाताने विनिताचा गाल पुसला, त्याला शेवाळ लागलं. "ह्यापायी वीस वरसा गप बसलीस? बरं, आनि दुसरा काय?"

विनिताने तिचा तो हात दोन्ही हातांत धरला आणि उखळावर ठेवला.

"मी विसरले नव्हते, आत्या. एकही नाही. देवांचे, हळदीचे, जात्याचे, हिचे, सगळे एक्केचाळीस येतात मला. भाविकला सांग, तो स्पीकर उतरव."